समुद्रात पडलेली अंगठी: कुठे शोधायची, कधी आणि कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. काशीदला दुपारी अडीचच्या सुमारास, कमरेइतक्या पाण्यात असताना २२ कॅरेटची साखरपुड्याची अंगठी बोटातून निसटली. तासभर पायांनी चाचपून पाहिलं, मिळाली नाही. त्या दिवशी शुद्ध दशमी होती, आज तीन दिवस झाले. लाटांनी ती आत ओढून नेली असेल का? मेटल डिटेक्टर विकत घ्यावा का? की नाद सोडून द्यावा?

नाद सोडू नका. डिटेक्टरही आज विकत घेऊ नका. आधी कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब करायचा आहे. अंगठी मिळते ती भारी यंत्रामुळे कमी आणि योग्य जागी योग्य ओहोटीला उभं राहिल्यामुळे जास्त.

अंगठी आत जात नाही, खाली जाते. २२ कॅरेट सोन्याची घनता १७.७ च्या आसपास असते, किनाऱ्यावरच्या साध्या वाळूची २.६५. लाट फुटली की वाळू पाण्यात उचलली जाते, घुसळते आणि पाण्याबरोबर पुढे-मागे होते. वाळू अशी सैल झालेली असताना अंगठी तिच्यातून खाली बसते आणि पुढची लाट वरून वाळू पसरते. भरतीमागून भरती असं होत ती लाटेने न हलणाऱ्या थरावर जाऊन थांबते. तो थर शिंपल्यांच्या चुऱ्याचा असेल, बारीक खड्यांचा असेल, चिकणमातीचा असेल किंवा नुसती घट्ट बसलेली जाड रेती असेल. पहिल्या काही दिवसांत वीत-दीड वीत खोली धरून चालावं. लाटा फुटतात नेमक्या त्याच पट्ट्यात पडली असेल तर ती उतारावरून दोन-चार मीटर सरकू शकते. पण भरीव सोन्याची अंगठी समुद्र ओढून नेतो ही समजूत चुकीची आहे, आणि या समजुतीपायीच लोक मिळण्यासारख्या अंगठ्या तिथेच सोडून घरी जातात. पोकळ बांगडी, एक ग्रॅम सोन्याचे दागिने, ॲल्युमिनियमचं काही असेल तर गोष्ट वेगळी. हलक्या वस्तू खरोखरच वाहतात.

पायांनी चाचपण्याचा मात्र तोटा होतो. पाय फिरवला की वाळू सैल होते आणि अंगठी आणखी खाली बसते. पुढच्या वेळी कोणाची अंगठी पाण्यात पडली तर ज्याची पडली त्याने जागचं हलायचं नाही. दुसऱ्याने किनाऱ्यावर जाऊन, पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या अगदी समोर, भरतीरेषेच्या वर, काठी रोवायची. फोनवर तिथलं लोकेशन जतन करायचं आणि घड्याळात वेळ पाहून लिहून ठेवायची. फोनचं लोकेशन पाच-दहा मीटर इकडे-तिकडे दाखवतं, म्हणून एकट्या त्यावर विसंबू नये. कोळी लोक समुद्रातली जागा लक्षात ठेवतात तशी खूण धरावी. जवळची एक आणि तिच्या मागची लांबची एक, अशा एका रेषेत येणाऱ्या दोन वस्तू पाहायच्या. सुरूचं एक ठळक झाड आणि त्यामागचा मोबाइल टॉवर, किंवा एखाद्या टपरीचा कोपरा आणि डोंगरातली घळ. अशा दोन जोड्या वेगवेगळ्या दिशांना मिळाल्या तर जागा दोन-तीन मीटरच्या आत बांधली जाते.

तुमच्या बाबतीत हे तेव्हा झालं नाही, पण बरंचसं अजून करता येईल. त्या दिवशीचे सगळ्यांच्या फोनमधले फोटो वेळेनुसार लावा. बोटात अंगठी दिसते तो शेवटचा फोटो आणि दिसत नाही तो पहिला, यांच्यामधला काळ ठरवा. पाण्यातल्या फोटोंमागे किनारा दिसतोच. कोणती झाडं, कोणते स्टॉल कोणाच्या मागे येतात ते पाहून तुम्ही कुठे उभे होता हे ठरवता येतं. आणि अंगठी निसटताना प्रत्यक्ष जाणवली नसेल, नंतर लक्षात आलं असेल, तर आधी टॉवेल, पिशवीचा तळ, गाडीच्या सीटखालची फट आणि हॉटेलच्या न्हाणीघराची जाळी पाहून घ्या. ओलं अंग पुसताना अंगठी टॉवेलमध्ये राहते आणि टॉवेल झटकला की भलतीकडे पडते.

भरतीच्या कोष्टकातून जागा काढणे

शोधायची जागा दोन मापांनी ठरते. एक किनाऱ्याच्या लांबीतलं, म्हणजे कोणत्या झाडासमोर. ते खुणांवरून मिळतं. दुसरं रुंदीतलं, म्हणजे किनाऱ्यापासून किती आत. हे दुसरं माप आठवणीवर सोडू नका, आठवण इथे हमखास फसवते. ते भरती-ओहोटीच्या कोष्टकातून काढायचं.

सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढते, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या संकेतस्थळावरही अंदाज मिळतात. काशीदसाठी मुंबईचे आकडे चालतात. समजा, त्या दिवशी दुपारी अडीच वाजता पाण्याची उंची कोष्टकावरून १.९ मीटर निघाली. पाणी तुमच्या कमरेपर्यंत होतं. ज्याची अंगठी पडली त्याची कमर जमिनीपासून टेपने मोजा. साधारण १ मीटर भरेल. १.९ मधून १ वजा केला की ०.९ उरतो. म्हणजे अंगठी पडली तिथला तळ कोष्टकाच्या शून्यापासून ०.९ मीटर उंचीवर आहे. आता पुढच्या दिवसांत ओहोटीचा आकडा ०.६ किंवा त्याहून खाली कधी जातो ते शोधा. त्या दिवशी ती जागा पूर्ण उघडी पडेल. फरक ३० सेंटिमीटरचा तरी ठेवा, कारण लाटा आणि वारा पाणी वर चढवतात.

दशमीला भांग असतं, म्हणजे भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, आणि नंतरचे दोन दिवस, उधाण असतं. तेव्हा मुंबई-अलिबागकडे भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो. याच फरकामुळे अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. तुमची अंगठी भांगाच्या दिवसांत, ओहोटीच्या जवळपास पडली आहे. पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत ती जागा कोरडी होण्याची चांगली शक्यता आहे, आणि हे दिवस आता समोर आले आहेत.

कोष्टक हाताशी नसेल तर कोकणात सगळ्यांना ठाऊक असलेला आडाखा वापरा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ साडेसातच्या सुमारास भरती आणि मध्ये दुपारी दीडच्या आसपास ओहोटी. द्वितीयेला दीडला भरती, पावणेआठला ओहोटी. यात अर्धा-पाऊण तासाची चूक धरावी. मुंबई-रायगडला आडाखा चांगला बसतो, दक्षिणेकडे गोव्याला भरती थोडी आधी येते. वेळेसाठी हे पुरे आहे, उंचीसाठी मात्र कोष्टकच लागतं. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात हेही विसरू नका. ज्या ओहोटीचा आकडा कमी, ती निवडा. ती रात्री येत असेल तर उजेडातली दुसरी पुरेशी उतरते का ते पाहा.

आता या हिशेबातला सर्वांत उपयोगी भाग. पाणी उतरत असताना कोष्टकाप्रमाणे उंची बरोबर ०.९ मीटर होईल तो क्षण काढा. त्या क्षणी पाण्याची कड जिथे असेल, त्या रेषेवर तुमची अंगठी आहे. लाट वर येते आणि मागे जाते, तिचा मध्य धरा. तिथे दर पाच मीटरवर बांबूच्या खुंट्या ठोका. उधाणाची ओहोटी पावणेआठला, ०.५ मीटरची असेल, तर ०.९ ची वेळ साधारण सव्वा तास आधी, साडेसहाच्या सुमारास येते. नऊपर्यंत ती रेषा उघडी राहते. अडीच तास हातात मिळतात.

चूक कुठे होते ते सांगतो. उतार मंद असेल, तीस-चाळीस मीटरला एक मीटर असा, तर कमरेच्या मापातली २० सेंटिमीटरची चूक वाळूवर ६ ते ८ मीटर होते. म्हणून रेषेच्या दोन्ही बाजूंना सात-आठ मीटर जागा घ्या. किनाऱ्याच्या लांबीत तर त्याहून जास्त घ्या, कारण पाण्यात खेळताना प्रवाह माणसाला नकळत बाजूला नेत असतो. किनाऱ्याला समांतर ३० मीटर आणि आडवा १५ मीटर असा चौकोन काशीदसारख्या ठिकाणी ठीक आहे.

गोवा किंवा तारकर्लीला हा हिशेब वेगळा पडतो. तिथे उधाणातही फरक दोन-सव्वादोन मीटरच असतो. भरतीच्या वेळी कमरेइतक्या पाण्यात पडलेली वस्तू तिथेही उघडी पडते. पण ओहोटीच्या वेळी कमरेइतक्या पाण्यात पडलेली कधीच पडणार नाही. तिथे पाण्याखाली चालणारा डिटेक्टर, लांब दांड्याचा स्कूप (वाळू गाळून वस्तू वर काढणारं भोकांचं फावडं) आणि शांत समुद्र, तिन्ही लागतात. नुसते पाणबुडे नेऊन उपयोग नाही. वाळूखाली गेलेली अंगठी डोळ्यांना दिसत नाही.

यंत्र

ओली, खारी वाळू वीजवाहक असते. साधा, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा डिटेक्टर तिलाच धातू समजतो आणि सतत ओरडत राहतो. संवेदनशीलता कमी केली की आवाज थांबतो, पण मग अंगठीही ऐकू येत नाही. अशी यंत्रं कोरड्या वाळूवर उत्तम चालतात, पाण्याच्या कडेला निकामी होतात. दोन-तीन हजारांची खेळण्यातली यंत्रं ओल्या वाळूसाठी आणूच नका. ओल्या वाळूवर दोन प्रकार चालतात. एक म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रं, उदाहरणार्थ मायनलॅब इक्विनॉक्स किंवा नोक्ता लेजंड. दुसरा पल्स इंडक्शन, जसा गॅरेटचा सी हंटर. पल्सवाला खारेपणा आणि काळी वाळू दोन्ही चांगली पचवतो, खोलही जातो, पण लोखंड आणि सोनं यांत भेद करत नाही. प्रत्येक खिळा उकरायची तयारी असेल तरच तो घ्यावा. स्वच्छ किनाऱ्यावर तो राजा आहे. जत्रेचा कचरा पडलेल्या किनाऱ्यावर त्याने दिवस वाया जातो.

एका अंगठीसाठी यंत्र विकत घेण्यापेक्षा ते रोज चालवणारा माणूस बोलावणं शहाणपणाचं आहे. आवाजातला फरक कानाला कळायला बरेच तास घालवावे लागतात, आणि तुमच्याकडे उधाणाचे दोन-तीनच दिवस आहेत. छंद म्हणून हे करणारे लोक मुंबई, पुणे, गोव्यात आहेत. येण्या-जाण्याचा खर्च आधी आणि बक्षीस मिळाल्यावर, असं बोलून ठरवा. अंगठीचा फोटो, वजन, आतल्या बाजूला कोरलेलं नाव किंवा तारीख आधीच सांगून ठेवा. परदेशातल्या किनाऱ्यावर काही हरवलं असेल तर ‘द रिंग फाइंडर्स’ या आंतरराष्ट्रीय यादीत त्या त्या गावातले डिटेक्टरवाले सापडतात.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहा. हातात दोन अँटेना घेऊन ‘शंभर मीटरवरून सोनं दाखवतो, तीस फूट खोल सांगतो’ म्हणणारे फिरतात. असं यंत्र जगात नाही. २८ सेंटिमीटरच्या तबकडीचा (दांड्याच्या टोकाच्या गोल चकतीचा) चांगला डिटेक्टर एकट्या अंगठीला २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत पकडतो, फार तर थोडं जास्त. हरवलेल्या दागिन्याच्या दुःखात माणूस कशावरही विश्वास ठेवतो, आणि अशा वेळी त्याला लुबाडणं फार वाईट आहे.

प्रत्यक्ष शोध

सुरुवात नमुन्याने करा. जोडीतली दुसरी अंगठी, किंवा तेवढ्याच वजनाची आणि कॅरेटची घरातली कुठलीही, हातभर नायलॉनच्या दोऱ्याला पक्की बांधा. दोऱ्याचं दुसरं टोक खुंटीला. ती त्याच ओल्या वाळूत १० सेंटिमीटर, मग १५, मग २० सेंटिमीटर पुरून यंत्र वरून फिरवा. आवाज कसा येतो, पडद्यावर आकडा कोणता दिसतो, तबकडी आडवी फिरवल्यावर तो बदलतो का, हे लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढचे दोन तास यावर अवलंबून असतात. इक्विनॉक्सच्या ६०० आणि ८०० या मॉडेलांवर सोन्याच्या अंगठ्या साधारण ४ ते २० या पट्ट्यात येतात. अडचण अशी की चांदीचा कागद, गोळ्यांच्या पाकिटाचा पत्रा, कॅनची कडी आणि पागाच्या जाळ्यातून सुटलेली शिशाची गोळी, सगळे याच पट्ट्यात बोलतात. त्यामुळे आकडा पाहून ‘हा कचराच’ असं ठरवू नका. तुमच्या नमुन्याच्या आकड्याच्या तीन-चार वर आणि तीन-चार खालपर्यंतचं सगळं उकरायचं. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची आहेत, त्यांचा आकडा उड्या मारतो. सोन्याचा सहसा मारत नाही.

चालवणाऱ्याने हातातलं कडं आणि घड्याळ काढावं, फोन विमान मोडवर टाकून मागच्या खिशात ठेवावा. फावडं यंत्रापासून दोन मीटर दूर ठेवावं. चौकोन आखायला नायलॉनची दोरी आणि बांबू वापरा, लोखंडी सळ्या नकोत. यंत्र ओल्या वाळूच्या मोडवर घ्या, जमिनीचा बॅलन्स, म्हणजे वाळूचा स्वतःचा आवाज वगळायची जुळणी, तिथेच, ओल्या जागेवर करा. तरीही बडबडत असेल तर संवेदनशीलता एकेक पायरीने खाली आणा. शांत यंत्र कमी संवेदनशीलतेवरही जास्त शोधतं.

पट्टे पाण्याच्या कडेला समांतर आखा, सव्वा मीटर रुंदीचे. वरच्या पट्ट्यापासून सुरुवात करून पाणी उतरेल तसं खाली सरका. तबकडी वाळूपासून एक-दोन सेंटिमीटर वर आणि पूर्ण सपाट राहिली पाहिजे. नवशिक्याची हमखास चूक म्हणजे प्रत्येक झोक्याच्या शेवटी तबकडी वर उचलली जाणं. त्यामुळे पट्ट्याच्या दोन्ही कडा न शोधलेल्या राहतात. एका झोक्याला दोन सेकंद द्या आणि दर झोक्याला १२ ते १५ सेंटिमीटरच पुढे या, म्हणजे जवळपास प्रत्येक जागा दोनदा तपासली जाते. ३० मीटरचे बारा पट्टे म्हणजे ३६० मीटर चाल आणि अडीच ते तीन हजार झोके. नुसत्या फिरण्याला दीड तास, उकरणं वेगळं. एका ओहोटीत पूर्ण होणार नाही हे गृहीत धरून दोन दिवसांची सोय करून या. पहिल्या दिवशी समांतर पट्टे, दुसऱ्या दिवशी उरलेले, आणि वेळ असेल तर त्याच चौकोनात काटकोनात आडवे. कडेवर उभी राहिलेली अंगठी एका दिशेने जाताना निसटते, आडवं जाताना सापडते.

काय निघतंय याकडे लक्ष ठेवा. शिशाच्या गोळ्या, नाणी, जुन्या चाव्या मिळत असतील तर तुम्ही जड वस्तू थांबतात त्या थरावर आहात. तिथे वेग कमी करा. नुसता चांदीचा कागद आणि कॅनच्या कड्याच येत असतील तर तो थर हलक्या वस्तूंचा आहे आणि जड माल खाली किंवा बाजूच्या पट्टीत असू शकतो. अशा जागी फावड्याने दहा-पंधरा सेंटिमीटर वाळू सरकवून खालचा थर पुन्हा तपासावा.

आवाज मिळाला की तबकडी उभी-आडवी फिरवून मध्य पक्का करा. स्कूप मध्यापासून वीतभर अलीकडे, तुमच्या बाजूला, तिरका घुसवा आणि मध्याच्या खालून काढा. सरळ वरून घातला तर दागिना खाली ढकलला जातो किंवा नाजूक काम वाकतं. काढलेली वाळू बाजूला पसरून आधी खड्डा तपासा. खड्डा शांत झाला म्हणजे वस्तू ढिगात आहे. खड्डा अजून बोलत असेल तर आणखी एक स्कूप. दोन्ही शांत झाले, तर घाबरू नका. बहुधा अंगठी ढिगात उभी फिरली आहे. ढीग पसरून पुन्हा यंत्र फिरवा. पाणी भरलेल्या खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि जड अंगठी दरवेळी तेवढीच खाली घसरते. तिथे एकामागून एक, झटपट, मोठे स्कूप घ्यावे लागतात. स्कूपची भोकं अंगठीसाठी १० मिलिमीटरची चालतात. कुड्या, टॉप्स, चमकी असेल तर पाच-सहा मिलिमीटरच्या वर नको.

एक काळजी पाण्याची. उधाणात तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी तासाला मीटरभर उंचीने चढतं. समुद्राकडे पाठ करून उकरत बसू नका. एक माणूस फक्त पाण्यावर नजर ठेवायला असावा.

कोरड्या वाळूत हरवलं असेल तर

हे सर्वांत सोपं. वाळूत पाय रोवून बसताना, क्रीम लावताना काढून रुमालावर ठेवलेली, व्हॉलीबॉल खेळताना उडालेली अंगठी भरतीरेषेच्या वर जिथे पडली तिथेच राहते. लोकांच्या पायांनी पाच ते पंधरा सेंटिमीटर खाली जाते, महिन्यांनंतरही मिळते. धोका दोनच: किनारा साफ करणारं यंत्र आणि चाकांच्या गाड्या. म्हणून टपरीवाल्यांना, घोडागाडीवाल्यांना आणि गोव्यात जीवरक्षकांना लगेच सांगून ठेवा, सकाळची सफाई तेवढ्या जागी थांबवायची विनंती करा. यंत्र नसेल तर बांधकामावरची रेती चाळायची चाळण आणा. चौकोन आखून दहा-दहा सेंटिमीटरचा थर चाळत जा, चाळलेली वाळू चौकोनाबाहेर टाका. हॉटेलच्या सुरक्षारक्षकाकडचा हातातला स्कॅनर जमीन शोधायला कुचकामी आहे, त्याचा पल्ला चार-सहा बोटांचा. पण पातळ पसरलेल्या वाळूवर, पिशवीवर, गुंडाळलेल्या टॉवेलवर तो छान चालतो. चुंबक सोन्याला धरत नाही, तरी जवळ ठेवा. चाळणीत उरलेल्या खिळे-बुचांना तो बाजूला काढतो.

दागिन्यागणिक फरक

अखंड वळं हा डिटेक्टरचा सर्वांत लाडका आकार आहे. वळं कुठे तुटलं की आवाज निम्म्यावर येतो, म्हणून उघड्या टोकांची जोडवी चांदीची असूनही दबकी बोलतात. बारीक साखळी तर फार अवघड. यंत्राला साखळी एक वस्तू म्हणून दिसतच नाही, एकेक कडी वेगळी दिसते, आणि एवढीशी कडी चार-पाच सेंटिमीटरपलीकडे ऐकू येत नाही. साखळीचा फासा आणि लोलक हेच काय ते पकडले जातात. मंगळसूत्रात काळे मणी आणि तार शोधू नका, वाट्यांवर भिस्त ठेवा. मुहूर्तमणी आणि वाट्या मिळाल्या की सर वाटीभर जागेतच असतो, तो हाताने आणि चाळणीने काढायचा, ओढायचा नाही. नथीत तार पातळ आणि मोती निर्धातू. तबकडी वाळूला जवळजवळ टेकवून, पिनपॉइंटरने (हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने) इंच-इंच शोधावं लागतं. प्लॅटिनमची अंगठी जड असते, पण आकडा खालचा देते, थेट चांदीच्या कागदाच्या पट्ट्यात. हिरा यंत्राला दिसत नाही, त्याची बैठक दिसते.

गणपती विसर्जनात मूर्तीच्या अंगावर राहिलेले दागिने हाही दरवर्षीचा प्रसंग. तिथे जागा पक्की माहीत असते, पण मूर्त्यांमधल्या तारा आणि खिळे चहूकडे पडलेले असतात. लोखंडाच्या आवाजाखाली सोनं झाकलं जातं. मोठी तबकडी काढून छोटी, पंधरा सेंटिमीटरची लावावी आणि हळू जावं.

रत्नागिरीच्या काळबादेवी, नेवरे या बाजूला वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोह असलेली काळी खनिजं आहेत. काळे पट्टे डोळ्यांनाही दिसतात. तिथे खोली निम्म्यावर येते. जांभ्याच्या कड्याखालीही तेच. अशा जागी पल्सवाला यंत्र किंवा वाळू थर-थर काढून तपासणं, याला पर्याय नाही.

ऋतूचाही विचार करा. जूनपासून समुद्र पुळण खाऊन वाळू आत नेतो, आणि ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत ती परत आणून भरतो. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत हरवलेली वस्तू दर आठवड्याला अधिक खोल जाते, तिथे घाई हवी. मे महिन्यात हरवलेली वस्तू जुलै-ऑगस्टमध्ये किनारा खाली गेल्यावर हाताशी येऊ शकते. मात्र पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही. ओहोटीला, वरच्या बाजूनेच शोधायचं.

नियम

स्वतःची हरवलेली वस्तू शोधण्यात अडचण नाही, तरी स्थानिक पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून तिची प्रत खिशात ठेवा. विम्यालाही ती लागते, आणि कोणी हटकलं तर दाखवता येते. कुलाबा, जंजिरा, सिंधुदुर्ग अशा संरक्षित किल्ल्यांच्या परिसरात यंत्र घेऊन उकरू नका. जुनी नाणी, भांडी असं काही निघालं तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. दुसऱ्या कोणाची अंगठी सापडली तर ती तुमची होत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार सापडलेली वस्तू सांभाळण्याची जबाबदारी सापडणाऱ्यावर येते, आणि मालक शोधण्याचा प्रयत्न न करता ती वापरली तर तो गुन्हा ठरू शकतो. पोलिसांकडे द्या, पावती घ्या. वेळास, आंजर्ले, मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून मेपर्यंत भरतीरेषेच्या वर कासवांची घरटी असतात. कुंपण घातलेल्या जागेजवळ फावडं लावू नका. वनखात्याच्या माणसाला सोबत घ्या. आणि उकरलेला प्रत्येक खड्डा बुजवा, रात्री त्यात कोणाचा तरी पाय मुरगळतो.

अंगठी मिळाली की वाळूने किंवा रुमालाने चोळू नका. गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने खड्याच्या मागची वाळू काढा. खडा हलतो का ते कानाजवळ हलवून पाहा. वाळूचा एक कण पकडीत अडकला तरी पकड सैल होते, म्हणून सोनाराला दाखवल्याशिवाय बोटात घालू नका. चांदी काळी पडली असेल तर ती साफ होते. मोत्यांना मात्र ब्रश नको, फक्त गोडं पाणी आणि मऊ कापड, आणि नथीची तार गंजली नसली तरी मोती नव्याने ओवून घ्या.